मशेरीला रकाना नव्हता

शालनचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी जालिंदर शेडगे कामावर हजर झाला. शिबिर खालच्या आळीच्या समाजमंदिरात होतं. पहिली बाई साठीची, डोक्यावर पदर, हातात कार्ड. त्याने तिला नाव विचारलं, वय विचारलं. छातीत जळजळतं का, आंबट ढेकर येतात का, घास अडकतो का, सगळं क्रमाने विचारलं. तंबाखूच्या रकान्यापाशी बाई म्हणाली, नाही बाबा, तसलं काही नाही. त्याने तिच्या काळ्या पडलेल्या दातांकडे पाहिलं आणि रकान्यात 'होय' लिहिलं.

त्या दिवशी अठरा बाया आल्या. त्यातल्या अकरा जणींपुढे त्याने 'होय' लिहिलं. एकीनेही स्वतःहून तसं सांगितलं नव्हतं. एरवी दोन वाजता उरकणारं शिबिर दिवेलागणीपर्यंत चाललं, कारण 'होय' लिहिलं की यंत्राला एका माणसामागे चाळीस मिनिटं लागत आणि 'नाही' लिहिलं की सहा.

हे काम काय होतं, ते आधी सांगायला हवं.

जाड दोऱ्याला बांधलेली एक गोळी असे. ती घोटभर पाण्याबरोबर गिळायची, दोऱ्याचं टोक गालाला चिकटपट्टीने लावायचं आणि सात मिनिटं गप्प बसायचं. जठरात गोळीचं आवरण विरघळे आणि आत दाबून बसवलेला स्पंज फुलून लिंबाएवढा होई. मग दोरा एका लयीत वर ओढायचा. स्पंज जठराच्या तोंडापासून घशापर्यंतची सगळी अन्ननलिका पुसत वर येई आणि वाटेतल्या पेशी बरोबर घेऊन येई. स्पंज यंत्रात टाकला की यंत्र त्या पेशी धुऊन, रंगवून, एकेक करून बघे आणि कागद बाहेर टाके. हिरवा कागद म्हणजे तीन वर्षं येऊ नका. लाल म्हणजे तालुक्याला जाऊन दुर्बीण घालून घ्या. 'अन्नमार्ग अभियान' असं त्याचं नाव होतं. लोक नुसतं 'दोरगोळी' म्हणत.

जालिंदरने त्याआधी वीस वर्षं दूध संकलन केंद्रावर यंत्राने दुधाची फॅट मोजली होती. यंत्राला घाबरत नाही आणि माणसांशी गोड बोलतो, म्हणून अभियानाने त्याला घेतलं. सहा वर्षांत त्याने अकरा हजार दोरे ओढले. त्यातला एक शालनचा, त्याच्या बायकोचा.

जालिंदर पोरगा होता तेव्हा त्या खोऱ्यात अन्ननलिकेचा कॅन्सर म्हणजे विडी-तंबाखूचा कॅन्सर. नळीला आतून चपट्या पेशींचं अस्तर असतं, फरशी घातल्यासारखं. तंबाखूचा रस वर्षानुवर्षं त्यावरून उतरला की मधल्या भागातली एखादी फरशी बिघडते आणि तिथून रोग पसरतो. माणूस आधी भाकरी सोडतो, मग भात, मग पेजही. पुढे दिवस पालटले. विडी गेली, बसून करायची कामं आली, पोटं सुटली, जेवणं उशिरा होऊ लागली. चांगलं पाणी आणि औषधं मिळाल्यामुळे जठरात घर करून राहणारा एक जुना जंतूही बऱ्याच लोकांच्या पोटातून गेला. त्याच्याबरोबर अल्सर गेले, जठराचा कॅन्सर कमी झाला. पण पोटातलं आम्ल पुन्हा पूर्ण जोमात तयार होऊ लागलं आणि सैल पडलेल्या झडपेतून वर येऊ लागलं. लोक त्याला पित्त म्हणत आणि गोळ्या खात. तिकडे नळीच्या खालच्या टोकाच्या पेशी आम्लाला तोंड देता देता आपलं रूपच बदलत, आतड्यातल्या पेशींसारख्या होत. त्यातून निघणारा कॅन्सर वेगळा. शहरांत आता तोच जास्त दिसत होता.

यंत्र शहरात शिकलं होतं. त्याला शिकवायला ज्या लाखो लोकांच्या पेशी दाखवल्या, ते पित्तवाले होते. त्यामुळे खालच्या टोकाची बदललेली पेशी ते अंधारातही ओळखे. चपट्या पेशींची मात्र अडचण होती. स्पंज वर येताना तोंडातूनच बाहेर येतो आणि तोंडातल्या पेशीही चपट्याच. दात लागला, तोंड आलं असलं, तर त्याही वेड्यावाकड्या दिसतात. मग यंत्राला एक सोपी वाट करून दिली. माणूस तंबाखूवाला नसेल, तर चपट्या पेशींच्या बिघाडाकडे बघू नकोस, ते तोंडातलं समज. यंत्र ऐकत होतं.

जालिंदरचं पोट सुटलेलं होतं आणि त्याला दहा वर्षांचं पित्त होतं. यंत्राने सहा वर्षांत तीनदा त्याला दुर्बिणीखाली पाठवलं आणि तिन्हीदा तो ठणठणीत निघाला. शालन काडीसारखी. तिला आयुष्यात कधी आंबट ढेकर आला नाही. तिला हिरवा कागद मिळाला. तो हातात घेऊन ती त्याला म्हणाली होती, बघा, दोघांत चांगलं खोड कुणाचं ते. दीड वर्षाने तिला भाकरी अडकायला लागली. त्यानंतर ती आठ महिने जगली.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयातल्या डॉ. तस्नीम मुजावर यांनी जालिंदरला बोलावून घेतलं. दुर्बिणीचं काम त्याच बघत. त्यांनी शालनच्या जुन्या तपासणीची पूर्ण फाईल मागवून घेतली होती. एरवी लोकांना नुसता रंगीत कागद मिळतो, आतलं कुणी वाचत नाही. त्यांनी पडद्यावर एक ओळ दाखवली. चपट्या पेशींत बिघाड, अठ्ठावीस, तोंडातील समजून सोडल्या.

"यंत्राला दिसलं होतं, शेडगे," डॉक्टर म्हणाल्या. "पण फॉर्मवर तंबाखूपुढे नाही असं आहे. आणि त्यांचे दात तर मी स्वतः बघितलेत. कुणी लिहिलं होतं हे?"

"मी," जालिंदर म्हणाला.

त्याने मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. एकोणतीस वर्षं रोज सकाळी शालन मागच्या दारी बसून मशेरी लावायची. तंबाखूची पानं बाजारातून तोच आणायचा. ती तव्यावर पानं भाजायला बसली की त्याला शिंका यायच्या आणि तो कुरकुरत बाहेर जायचा. तरीही फॉर्म भरताना त्याच्या मनात आलं नाही की ही तंबाखू आहे. खोऱ्यात कुणाच्याच मनात येत नसे. तंबाखू पुरुष खातात, ते व्यसन. मशेरी बाया लावतात, ते दात घासणं. फॉर्म शहरातल्या माणसांनी केला होता. त्यात सिगारेट होती, गुटखा होता, वाफेची नळी होती. मशेरीला रकाना नव्हता.

म्हणून चौदाव्या दिवसापासून तो 'होय' लिहायला लागला.

तीन आठवडे कुणी काही बोललं नाही. मग अभियानाचे जिल्हा समन्वयक शौनक गोरे गाडी घेऊन आले. तिशीचा माणूस, बोलायला सभ्य, जालिंदरला 'काका' म्हणणारा. त्यांनी शालनबद्दल आधी चार शब्द बोलून घेतले. मग आकडे काढले. या खोऱ्यात तंबाखूवाल्या बाया शंभरात तीन होत्या, त्या तीन आठवड्यांत शंभरात एकसष्ट कशा झाल्या, असं त्यांनी विचारलं. पुढच्या महिन्यात तालुका जुन्या, तंबाखूच्या कॅन्सरमधून मुक्त झाल्याचा कार्यक्रम ठरला होता. मंडप सांगून झाला होता.

जालिंदर म्हणाला की आधीचे तीन खोटे होते, आताचे एकसष्ट खरे आहेत.

"त्या बायांनी तसं सांगितलं का तुम्हाला?"

"साहेब, म्हशीचं दूध गायीच्या सेटिंगवर लावलं तर यंत्र फॅट चुकीची दाखवतं. म्हैस येऊन सांगत नाही मी म्हैस आहे म्हणून. सेटिंग आपण बघून करायचं असतं."

गोरे हसले नाहीत. त्यांच्याजवळ हिशेब होता आणि तो खोटा नव्हता. जालिंदरच्या 'होय'मुळे चौदा बाया लाल निघाल्या होत्या. डॉक्टरांनी चौदाही जणींना दुर्बीण घातली, एकीतही काही सापडलं नाही. डॉक्टर दिवसाला बारा जणांना बघू शकतात. म्हणजे चौदा पित्तवाले मागे सरकले, त्यांना पुढची तारीख महिन्यानंतरची मिळाली. त्यातल्या एकाच्या नळीत खरंच काही असेल, तर त्याचा महिना वाया गेला. त्याच्या घरच्यांना तुम्ही काय सांगाल, असं गोऱ्यांनी विचारलं.

हा प्रश्न जालिंदरला लागला. त्याने ती शक्यता धरलीच नव्हती. शेवटी म्हणाला, "मग दुर्बिणी वाढवा. बाया कमी करू नका."

गोऱ्यांनी मान हलवली आणि त्या आठवड्यापासून फॉर्म त्याच्या हातातून काढून घेतला. आता प्रश्न यंत्रच विचारणार होतं, आवाजात. बाईने स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायचं, ते ध्वनिमुद्रित होणार. यंत्राच्या चालकाने उत्तर सुचवलं तर नोकरी गेली. जालिंदरला फक्त दोरा ओढायचा होता.

पहिल्याच दिवशी यंत्राने गोड आवाजात विचारलं, आपण तंबाखूचं सेवन करता का? बाया लाजून हसल्या आणि एकेक करून नाही म्हणाल्या. काम दोन वाजता उरकलं.

त्याच आठवड्यात प्राजक्ताचा फोन आला. प्राजक्ता म्हणजे शालनच्या धाकट्या बहिणीची, कौसल्येची सून. सासूला कळू देऊ नका, म्हणत तिने सांगितलं की आत्या, म्हणजे सासूबाई, महिनाभर भाकरी दुधात कुस्करून खातात. विचारलं तर दाढ दुखते म्हणतात. काल भाताचा घास गिळताना छातीवर हात ठेवून दोन मिनिटं बसल्या. दोरगोळी त्यांनी आधीच घेतली होती, हिरवा कागद कपाटात आहे. तीन वर्षं झाली म्हणून पुन्हा नंबर लागलाय, गुरुवारी. पण त्या काही सांगायच्या नाहीत.

जालिंदर फोन ठेवून उठला आणि तसाच पायताण घालून निघाला.

कौसल्या म्हणजे गावाची कौसाताई. दारूबंदी समितीची अध्यक्ष. देशी दारूचं दुकान बंद करायचं तर गावातल्या बायांचं मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी. निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. दोन वर्षं खेटे घालून कौसाने ते मतदान मिळवलं होतं, ते येत्या रविवारी होतं. तिच्या दारावर अभियानाने दिलेली 'निर्व्यसनी घर' अशी पत्र्याची पाटी होती. गावात तशा चाळीस होत्या, पण ती रोज पुसायची.

जालिंदर ओट्यावर बसला. कौसा पत्रकांचे गठ्ठे बांधत होती. तिने न बघताच विचारलं, दाजी, जेवून आलात का घराला कुलूप लावून उपाशीच आलात? तो म्हणाला, तू जेवलीस का ते सांग. तिने आत सुनेकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

त्याने आडवळण घेतलं नाही. गुरुवारी यंत्र विचारेल तेव्हा होय म्हण, एवढंच सांगितलं. कौसा म्हणाली की ती आयुष्यात तंबाखूला शिवली नाही. मशेरी काय, ती तर तिची आजी लावायची, नव्वदीत गेली, दात घेऊन गेली. आणि शिबिरात यंत्राचा आवाज बहिऱ्यांना ऐकू जावा म्हणून मोठा ठेवलेला असतो. सगळा हॉल ऐकतो. दुकानाचा मॅनेजर सर्जेराव त्याच दिवशी पुरुषांच्या रांगेत असणार. रविवारी मतदान आणि गुरुवारी कौसाताई व्यसनी. मग झालंच.

"रविवारनंतर बघू," ती म्हणाली. "एवढं काय मरत नाही मी."

"नंतरचा नंबर चार महिन्यांनी लागतो. शालनला चार महिन्यांत पेज जायची बंद झाली होती."

"अक्काचं नाव काढू नका. अक्काला त्या यंत्राने मारलं."

जालिंदरने हे एवढे दिवस तसंच राहू दिलं होतं. सासुरवाडीत, भावकीत सगळे यंत्राला शिव्या घालत होते आणि तो गप्प ऐकत होता. आता त्याला कळलं की हे असंच राहिलं तर कौसा यंत्राला खोटं सांगेल आणि पुन्हा यंत्रालाच शिव्या घालतील.

"यंत्राने नाही," तो म्हणाला. "यंत्राला दिसलं होतं. फॉर्म मी भरला. तंबाखूपुढे नाही असं मी लिहिलं. माझ्या हाताने."

कौसाच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला. तिने त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा सांगितलं, फाईलमधली ओळ सांगितली, अठ्ठावीस पेशी सांगितल्या. आत प्राजक्ताने गॅस बंद केला.

"रोज बघत होतात तिला," कौसा म्हणाली. "पुड्या आणून देत होतात."

"होय."

"आणि लिहिलंत 'नाही'."

"होय."

"उठा," ती म्हणाली. "माझ्या ओट्यावरून उठा, दाजी. परत या घराची पायरी चढू नका."

तो उठला. रस्त्याने जाताना त्याला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. उलट शालन गेली त्या दिवसापेक्षा जड वाटलं. तेव्हा निदान घरात रडायला माणसं होती.

गुरुवारी समाजमंदिर भरलं होतं. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, मध्ये यंत्र. स्वतः गोरे आले होते, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. बायांच्या रांगेत कौसा नव्हती. दहा वाजले, साडेदहा वाजले. जालिंदर दर दोऱ्यागणिक दाराकडे बघत होता.

अकराच्या सुमाराला त्याने ठरवलं. ती येवो न येवो, ज्या आल्यात त्या तर समोर आहेत. तो यंत्राजवळून उठला आणि रांगेसमोर उभा राहिला. त्याला भाषण येत नव्हतं. त्याने एवढंच सांगितलं की मशेरी म्हणजे तंबाखूच, भाजलेली. यंत्र विचारेल तेव्हा होय म्हणा. नाही म्हणालात तर ते अर्धी नळी बघणारच नाही. माझ्या घरात असंच झालं, आणि ते मीच केलं.

गोरे खुर्चीवरून उठले आणि शांतपणे म्हणाले, काका, हे रेकॉर्ड होतंय. जालिंदर म्हणाला, होऊ द्या, मला पाठ नाही, परत विचारलं तर परत असंच सांगता येणार नाही. आणि जागेवर जाऊन बसला.

त्यानंतरच्या तीन बायांनी खाली बघत नाही म्हटलं. चौथीने पदर तोंडाला लावला आणि तिचं उत्तर यंत्राला कळलं नाही, म्हणून त्याने पुन्हा विचारलं. ती उठून निघून गेली. पुरुषांच्या रांगेत खसखस पिकली.

तेव्हा कौसा आत आली. चेहरा झोप न झालेला. तिने जालिंदरकडे बघितलंही नाही. रांगेतल्या बायांनी तिला पुढे जाऊ दिलं, कारण ती नेहमीच पुढे जायची. यंत्राने नाव विचारलं, वय विचारलं. घास अडकतो का, असं विचारलं. कौसा म्हणाली, अडकतो, सव्वा महिना झाला.

आपण तंबाखूचं सेवन करता का?

"मशेरी लावते," कौसा मोठ्याने म्हणाली. "तेराव्या वर्षापासून. दिवसातनं चारदा. लिहून घे."

यंत्राने उत्तर होय किंवा नाही असं द्यावं, अशी विनंती केली.

"होय," कौसा म्हणाली.

सर्जेराव पुरुषांच्या रांगेतून म्हणाला, "वा, अध्यक्षीणबाई. आम्ही ग्लासातनं घेतो, तुम्ही बोटावर घेता. मग आमच्याच बाटलीवर राग का?"

कौसाने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "तुझा नंबर माझ्या आधी होता, सर्जेराव. दारू घेता का, असं विचारल्यावर तू काय म्हणालास ते मी दारातनं ऐकलंय. सांगू का सगळ्यांना?"

पुरुषांच्या रांगेतलेच लोक मोठ्याने हसले. सर्जेराव पाठ फिरवून पंख्याकडे बघत बसला.

मग कौसाने गोळी गिळली. दोरा जालिंदरलाच ओढायचा होता. त्याने हातमोजे बदलले, तिच्या गालावरची पट्टी सोडवली आणि एका लयीत ओढायला सुरुवात केली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते दोरा ओढताना सगळ्यांच्याच येतं. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि त्याने नजर चुकवली नाही.

यंत्राला एकेचाळीस मिनिटं लागली. कागद लाल आला.

तिच्यामागे चौदा बाया उरल्या होत्या. नऊ जणी होय म्हणाल्या. पाच जणी न तपासता घरी गेल्या. संध्याकाळी साडेसहाला शेवटचा स्पंज यंत्रात पडला, तेव्हा जालिंदरच्या मोबाईलवर त्याला नोकरीवरून काढल्याचा निरोप आलेला होता. त्याने तो वाचला, यंत्र नेहमीसारखं पुसलं, कव्हर घातलं आणि किल्ली गोऱ्यांच्या हातात दिली.

लाल कागद आणि अडकणारा घास, दोन्ही असल्यामुळे डॉक्टर मुजावरांनी कौसाला शनिवारी सकाळीच घेतलं. दुर्बीण आत घातल्यावर त्यांनी नळीवर आयोडीनचं पाणी फवारलं. चांगल्या चपट्या पेशी त्याने तपकिरी होतात, बिघडलेल्या पिवळट राहतात. मधल्या भागात, जिथे यंत्र बघायलाच तयार नव्हतं, तिथे अंगठ्याच्या नखाएवढा पिवळट डाग होता. दुसरीकडे, थोडं खाली, नळी सुजून अरुंद झाली होती. घास तिथे अडकत होता, डागामुळे नाही. डाग अजून वरच्या थरातच होता. सूज येऊन घास अडकला नसता तर कौसा होय म्हणाली नसती आणि तो कळलाही नसता. डॉक्टरांनी तो दुर्बिणीतूनच सोलून काढला. छाती उघडावी लागली नाही.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी प्राजक्ताला आणि तिच्याबरोबर आलेल्या जालिंदरला पडद्यावर तो डाग दाखवला. स्ट्रेचरवरून कौसाने घोगऱ्या आवाजात विचारलं, "अक्काचा पण तेव्हा एवढाच होता का?"

डॉक्टरांनी पडद्यावरचा डाग पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाल्या की सांगता येत नाही, पण असेल, कदाचित याहून लहान.

जालिंदर तिथेच बाकावर बसला. नखाएवढा. दुर्बीण, अर्धा तास, दोन दिवस पातळ खाणं. एवढ्यावर निभावलं असतं. प्राजक्ता पाणी आणायला गेली. कौसाला खाटेवर आणलं, तरी तो बाकावरच होता. शेवटी तिनेच हाक मारली.

"दाजी. तुम्हाला माफ केलं, असं समजू नका."

"नाही समजत."

"मग तिकडं लांब काय बसलाय. इकडं या."

रविवारच्या मतदानाचा निकाल कौसाने रुग्णालयातल्या खाटेवरून ऐकला. आडवी बाटली तेवीस मतांनी हरली. दुकानवाल्यांनी शनिवारी गावभर फिरून मशेरीवाली अध्यक्षीण असं सांगितलं होतं. ते सांगितलं नसतं तर तेवीस मतं मिळाली असती की नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं. वर्षभर पुन्हा मतदान मागता येत नव्हतं. प्राजक्ताने भीत भीत हे सांगितलं, तेव्हा कौसा म्हणाली, वर्षभर मी आहे ना आता, मागू पुढच्या वर्षी. सोमवारी ती घरी आली आणि दारावरची पत्र्याची पाटी तिने स्वतः उचकटून काढली. मशेरी सुटायला मात्र तिला पुढे पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत घरातलं कुणी तिच्या वाऱ्याला उभं राहत नसे.

मुक्त तालुक्याचा कार्यक्रम पुढे ढकलला गेला. का, ते कुणी जाहीर केलं नाही. दोरगोळीची शिबिरं चालूच होती. वरच्या वाडीच्या शिबिराला नवीन चालक आला. त्या दिवशी जालिंदर सकाळी साडेसातलाच वाडीच्या शाळेच्या फाटकाशी उभा होता. बाया येत होत्या आणि तो प्रत्येकीला थांबवून तेच चार शब्द सांगत होता.

गोरे बाहेर आले. म्हणाले की शिबिराच्या आवारात उत्तर सुचवायला मनाई आहे, फाटकापासून शंभर मीटरच्या आत उभं राहता येणार नाही. जालिंदरने विचारलं की शंभर मीटर म्हणजे किती पावलं. गोऱ्यांनी अंदाजाने सांगितलं. जालिंदर मोजत मोजत रस्त्याने खाली गेला आणि दहा पावलं जास्तीची टाकून थांबला. वाडीला वर यायला तो एकच रस्ता होता.

थोड्या वेळाने खालून कौसा आली, हातात पाण्याची बाटली, गळ्याला मफलर. डॉक्टरांनी तिला फार बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं. ती जालिंदरशेजारी उभी राहिली आणि आल्या आल्या पहिल्याच बाईशी दहा मिनिटं बोलली.

संध्याकाळी गोऱ्यांची गाडी जाताना त्यांच्यापाशी थांबली. गोऱ्यांनी काच खाली केली. चिडलेले नव्हते, दमलेले होते. आज एकोणीस होय आल्या, म्हणाले, निम्म्या बायांना परत पाठवावं लागलं, उद्या पुन्हा यावं लागणार. वर सगळे मला विचारतायत. काका, हे किती दिवस चालवणार?

"फॉर्मवर मशेरीला रकाना होईपर्यंत," जालिंदर म्हणाला.

"ते माझ्या हातात नाही."

"मग ज्याच्या हातात आहे त्याला इथं आणा. मी रोज असतो."

गाडीच्या मागच्या काचेवर पुढच्या शिबिरांची यादी चिकटवलेली होती. कौसाने डोळे बारीक करून ती वाचायला घेतली आणि घोगऱ्या आवाजात गावांची नावं एकामागून एक मोठ्याने म्हणू लागली. जालिंदरने खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहायला सुरुवात केली. तळहात भरला, तेव्हा त्याने बाही वर केली. गोऱ्यांनी गाडी सुरू केली नाही. शेवटचं गाव लिहून होईपर्यंत ते थांबले.